जोडीनं जाणाऱ्या रेघा

धारवाडातल्या मळमड्डीच्या वेदश्रीला लहानपणापासून तंद्री लागायची. दूध उतू जायचं, उतरायचा स्टॉप मागं पडायचा. आई वैतागायची, "अंगानं इथं, मनानं कुठं गं तू?" पुढं ती इंजिनिअर झाली, धारवाडातल्याच एका लहानशा कारखान्यात सर्किट बोर्डांचे नकाशे काढू लागली, पण तंद्री काही सुटली नाही.

यंदा काम होतं कलघटगीकडच्या बियाण्यांच्या शीतगृहाचं. आतलं तापमान धारवाडात बसून दिसायला हवं होतं. त्यासाठी काडेपेटीएवढं, तारेवरून माहिती पाठवणारं तयार मॉड्यूल बोर्डावर बसवायचं आणि त्याच्या इथरनेटच्या रेघा केबलच्या सॉकेटपर्यंत न्यायच्या, मध्ये एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर. रेघा जोडीनं जायच्या, एक जोडी बोलायला, एक ऐकायला. जोडीतल्या दोघींची लांबी सारखी, वळणंही बरोबरीनं. काढता काढता वेदश्रीला वाटे, दोघी बहिणी हात धरून उतारावरून निघाल्यात.

बोर्ड तयार होऊन आला. कारखान्यातल्या मंगलानं सुटे भाग सोल्डर केले, केबल लावली. जोडणी झाली की लागणारा सॉकेटचा दिवा काही लागला नाही.

"लक्ष कुठं होतं तुमचं?" मालक सुधींद्र हळूच म्हणाले. तिला ते लागलं.

सगळे जेवायला बसले तेव्हा ती बोर्ड घेऊन खिडकीशी गेली. उन्हात तांब्याच्या रेघा चमकत होत्या. नजर त्यांच्यामागून चालू लागली. मॉड्यूलपासून निघाली, ट्रान्सफॉर्मरपाशी आली, आणि त्याच्या वेटोळ्याच्या मधोमध फुटलेल्या तिसऱ्या रेघेवर थबकली. ही तर थेट वीजपुरवठ्याला जोडली होती! तिनं मॉड्यूलची माहिती उघडली. या मॉड्यूलला तिथं वीज चालतच नव्हती. तिथून बोर्डाच्या ग्राउंडकडं नुसता एक कपॅसिटर हवा होता.

ती उठून सुधींद्रांकडं गेली. "सर, चूक माझीच. जुन्या बोर्डावरचं तसंच उतरवलं मी."

"सापडली ना? कापा मग."

मंगलानं भिंग धरलं, वेदश्रीनं पात्यानं रेघ तोडली. मग कपॅसिटर बसवून केबल लावली. हिरवा दिवा लागला, पाठोपाठ नारिंगी लुकलुकू लागला.

"बंतु, वेदाक्का, बंतु!" मंगला कन्नडमध्ये ओरडली. आलं होतं खरंच! सुधींद्रांच्या पडद्यावर खोलीचं तापमान उमटलं. ते हसले, "आता कलघटगीला तुम्हीच बसवून या."

गेली ती. शीतगृहात श्वासाची वाफ होत होती. बोर्डाची पेटी भिंतीला लागली, दिवा लुकलुकला. भोवती भुईमुगाची पोती गाढ झोपल्यासारखी पडली होती. वेदश्री शाल लपेटून त्यांच्यात उभी राहिली. तिला वाटलं, आत प्रत्येक दाण्याला कसलंसं हिरवं स्वप्न पडत असावं.