बरण्यांवरच्या चिठ्ठ्या

एका मंगळवारी सकाळी माझे यजमान गेले. चहा झाला होता. वर्तमानपत्र त्यांच्या मांडीवर होतं. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मग घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली.

बरकतपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये तेव्हा पाच माणसं होती. आम्ही दोघं, मुलगा, सून आणि अकरा वर्षांची नात. यजमानांनी सारा जन्म कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मी दुसऱ्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते. त्यांचं टेबल आणि माझं कपाट यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि मला वाटतं आमच्या संसाराला ती मानवली. ते माझ्या पुस्तकांना हात लावत नसत, मी त्यांच्या बाटल्यांना.

टेबल मागच्या वॉश एरियात होतं. कॉलेजच्या लिलावातून आणलेलं, डाग पडलेलं सागवानी टेबल. खाली तांदूरच्या दगडाची फरशी, हाताच्या अंतरावर नळ, एका कोपऱ्यात वाळूची बादली. वर फळीवर सतरा बरण्या. निवृत्त झाल्यावर दर रविवारी ते आणि नात तिथे दोन तास घालवत. आम्ल म्हणजे लिंबू किंवा व्हिनेगर, त्यापलीकडचं काही त्यांनी घरात आणलं नाही. वस्तू साध्या असल्या तरी नियम कडक होते. केस बांधायचे. सुती कपडे. डोळ्यांवर मोठा चष्मा, काम करणाऱ्यानं आणि बघणाऱ्यानंही. चव कशाचीच घ्यायची नाही, साखरेचीसुद्धा नाही. वास घ्यायचा तर हातानं वारा आपल्याकडे ओढून. कुठलीही वस्तू चमच्याच्या टोकावर मावेल एवढीच. एकट्यानं काही करायचं नाही, आणि जो सोबतीला बसेल त्याच्या हातात दुसरं काम नको.

"आबा, साखर तर साखरच आहे ना!" नात एकदा म्हणाली होती.

"डब्यातली साखर. टेबलावरची नाही. टेबलावर आली की तिची जात बदलली."

"असं कसं?"

"असंच. उद्या मी टेबलावर बसलो तर मलाही चाटायचं नाही."

ती दोघं कितीतरी वेळ हसत होती. मी आत पुस्तक वाचत होते, तिथूनच मला ऐकू आलं.

सुतक फिटलं त्या दिवशी घर धुऊन काढलं. नांदेडहून धाकट्या नणंदबाई आल्या होत्या. भाऊ गेल्याचं दुःख त्यांनी हातांवाटे बाहेर काढलं. पडदे, पायपुसणी, पंख्याची पाती, काही सोडलं नाही. दुपारी मी वॉश एरियात गेले तर सतरा बरण्या ओळीनं, झाकणं घट्ट लावलेल्या, उन्हात चमकत होत्या.

"बघा वहिनी, दादाच्या बाटल्यांवर काय राप चढला होता! गरम पाण्यात भिजवून घासल्या. आतल्या मालाला धक्का नाही लावला हां."

मोरीच्या जाळीवर लगदा साचला होता. त्यांच्या अक्षरातल्या सतरा चिठ्ठ्यांचा लगदा. नणंदबाईंच्या बोटांची टोकं सुरकुतली होती. मी म्हटलं, "छान केलंत, वन्सं." दुसरं काय म्हणणार होते?

नात तेव्हा परीक्षेसाठी विद्यानगरला तिच्या आजोळी होती. ती परत यायच्या आधी एका दुपारी मी कोऱ्या चिठ्ठ्या, डिंक आणि काळी शाई घेऊन टेबलाशी बसले. ग्रंथालयात माझं निम्मं आयुष्य हेच करण्यात गेलं. पाठ गळून पडलेलं पुस्तक आलं की मी ते उघडायचे, आतलं पान पाहायचे, नवी चिठ्ठी लावायचे. पुस्तक आपलं नाव आतही बाळगून असतं. बरणी बाळगत नाही, हे मला त्या दुपारी सुचलं नाही.

मोरचूद निळं होतं, हळद पिवळी, लोखंडाचा कीस ओळखू येत होता. तुरटीचे खडे ओळखले. खाण्याचा सोडा स्वयंपाकघरातल्या सोड्याशी ताडून पाहिला. असं करत सोळा झाल्या. सतराव्या बरणीत पांढरी भुकटी होती, मध्येमध्ये गाठी. ते एकदा सुनेला धुण्याच्या सोड्याबद्दल काही सांगत होते, एवढं आठवलं. मी मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत: धुण्याचा सोडा. अक्षर शक्य तितकं त्यांच्यासारखं काढलं. का, ते विचाराल तर त्या दुपारी मला बरं वाटलं म्हणून. फळी पुन्हा भरल्यासारखी दिसली.

नात महिनाभर तिकडे फिरकली नाही. मग एका रविवारी माझ्या खुर्चीजवळ येऊन उभी राहिली.

"आजी, तू बसशील का? एकटीनं करायचं नाही असं आबा म्हणायचे."

सून पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं. "आई, तुम्हाला त्यातलं काय कळतं? उगाच परेशान व्हाल."

"मला बघता येतं," मी म्हटलं.

"बघा मग. पण एकदा जरी काही झालं ना, तर ते टेबल आणि त्या बाटल्या सगळं कबाडीवाल्याला. मी आताच सांगून ठेवते."

सून चूक बोलत नव्हती. तिला एकच मुलगी, आणि तिच्या मुलीला दोनच डोळे.

वॉश एरियात नातीनं फळीकडे पाहिलं. "चिठ्ठ्या नव्या दिसतात. आबांनी लावल्या?"

"तशाच आहेत," मी म्हटलं. तिनं त्याचा अर्थ हो असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

पुढचे काही रविवार मला आयुष्यात उशिरा मिळालेल्या सुट्टीसारखे वाटले. गोकर्णाच्या फुलांचं पाणी लिंबानं जांभळं होतं आणि सोड्यानं हिरवं, हे मी साठी उलटल्यावर प्रथम पाहिलं. तुरटीचा खडा दोऱ्यावर वाढताना पाहिला, रोज सकाळी चहाच्या आधी. यजमानांचा मोठा चष्मा माझ्या चष्म्यावर बसत नसे, तो घसरला की नात ओरडायची, "आजी, चष्मा! बघणाऱ्यानंही!" तिला मराठी वाचायला वेळ लागतो. शाळेत तेलुगू आणि हिंदी, घरात आमचं मराठी, मैत्रिणींत सगळ्याची खिचडी. मी तिला बरण्यांवरचं मराठी वाचायला लावायचे आणि ती म्हणायची, "नक्को ना आजी, खाली इंग्लिशमध्ये आहे की." शेजारीच बसून यजमान चाळीस वर्षं काय करत होते, याची मला थोडी थोडी कल्पना येऊ लागली.

त्या रविवारी तिला दोन सोड्यांची तुलना करायची होती. दोन स्टीलच्या वाट्या, एकीत खाण्याचा सोडा, दुसरीत धुण्याचा. दोन्हींत तेवढंच व्हिनेगर टाकायचं आणि कुणाला फेस जास्त येतो ते वहीत लिहायचं. पहिल्या वाटीत भरपूर फेस आला. दुसरीत काहीच झालं नाही. गाठी तशाच पडून राहिल्या.

"हा सोडा झोपला वाटतं," ती म्हणाली आणि वाकली.

माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. पानाच्या शेवटी दोन ओळी राहिल्या होत्या, त्या मी वाचत होते. फस्स असा आवाज झाला. मान वर केली तर वाटीतून वाफ येत होती आणि नातीच्या चष्म्यावर पांढरे शिंतोडे होते. उजव्या मनगटावरही.

ती ओरडली नाही. दोन पावलं मागे सरकली, वाटीला हात न लावता, आणि नळाकडे वळली. मी नळ सोडला. आधी मनगट धारेखाली धरलं, मग चष्म्यासकट तोंड. शिंतोडे वाहून गेल्यावर चष्मा काढला. डोळे कोरडे होते, स्वच्छ होते, आणि माझ्याकडे पाहत होते. "वीस मिनिटं," ती म्हणाली, "आबा म्हणायचे जळजळ थांबली तरी वीस मिनिटं." आम्ही घड्याळ लावून वीस मिनिटं नळाखाली हात धरून उभ्या राहिलो. माझा हात तिच्या हाताखाली होता.

सून धावत आली. तिनं मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, मनगटावर लाल डाग आठवडाभर राहील, लगेच धुतलंत ते बरं केलंत, आणि चष्मा नसता तर मी हे इतक्या शांतपणे बोलत नसतो.

घरी आल्यावर सून वॉश एरियात उभी राहिली. बरणीवरची चिठ्ठी व्हिनेगरनं भिजून शाई पसरली होती. तिनं ती पाहिली, ओठ चावला आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "हा सोडा नाही आई. मला वाटतं हा कळीचा चुना आहे, पाणी लागलं की तापतो तो. आबांनीच चुकून सोडा लिहिलं असणार. शेवटी शेवटी वय झालं होतं त्यांचं. त्यांना काय दोष द्यायचा."

ती मायेनं बोलली. नात दारात उभी होती, मनगटाला मलम लावलेलं. ती फळीवरच्या बाकीच्या बरण्यांकडे पाहू लागली, एकेकीकडे, जसं आपण ओळखीच्या माणसाकडे एखादी गोष्ट कानावर आल्यानंतर पाहतो. आबा चुकीचं लिहायचे, तर आबांनी सांगितलेलं बाकीचं काय?

मी गप्प राहिले असते तर ते तसंच राहिलं असतं. मेलेला माणूस काही बोलत नाही, आणि सुनेनं त्यांना माफही करून टाकलं होतं.

"चिठ्ठी त्यांची नाही," मी म्हटलं. "माझी आहे. वन्संनी बरण्या घासल्या तेव्हा त्यांच्या सगळ्या चिठ्ठ्या गेल्या. मी नव्या लिहिल्या. सोळा ओळखून. ही अंदाजानं."

खाली गल्लीत भाजीवाला ओरडत गेला.

"म्हणजे आबांनी चुन्याला चुनाच लिहिलं होतं?" नातीनं विचारलं.

"लिहिलं असणार. आता आठवतं, ती बरणी ते तुला काढू द्यायचे नाहीत. स्वतःच काढायचे."

"मग मी विचारलं तेव्हा तू हो का म्हणालीस?"

"हो म्हटलं नाही. पण नाही सुद्धा म्हटलं नाही." मग मला ते फार वकिली वाटलं, म्हणून पुढे बोलले, "त्यांच्या चिठ्ठ्या गेल्या हे मला कुणाला सांगवत नव्हतं. तुला तर नाहीच. आणि आज मी वाचत बसले होते. तेही माझंच."

ती माझ्याकडे बराच वेळ रागानं पाहत होती. तो राग मला हवा होता. फळीकडे तिनं पुन्हा तसं पाहिलं नाही.

सून म्हणाली, "ठरलं होतं तसं. उद्या कबाडीवाल्याला बोलवते."

"आई, त्याला कसं देणार?" नात म्हणाली. "आत काय आहे ते आपल्याला नक्की माहीत नाही, तर त्याला कसं माहीत असेल? तो बाटली घरी नेऊन उघडेल. त्याच्या घरी पण मुलं असतील ना."

सुनेनं मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. सोपं आहे."

यजमानांची एक जुनी विद्यार्थिनी आता एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळते. मी तिला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी दोन खोकी आणि जाड हातमोजे घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, अंदाजाच्या चिठ्ठीसकट. तिनं ऐकून घेतलं. "फिकर नक्को करो, अम्मा," ती म्हणाली, "हमारे लॅब में भी एक बॉटल है, पंधरा साल से किसीको नहीं मालूम उसमें क्या है. सब डरते उससे, बहोत इज्जत है उसकी." सून पहिल्यांदा हसली. तिनं आत जाऊन चहा टाकला. सतराही बरण्या खोक्यांत गेल्या. ज्या मी ओळखल्या होत्या त्यासुद्धा, कारण नात म्हणाली, आजीनं ओळखल्यात, त्या पण तपासूनच घ्या. मी मान डोलावली.

टेबल राहिलं. सुनेनं ते हलवायला सांगितलं नाही आणि ठेवायलाही सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी तिनंच चिक्कडपल्लीच्या बाजारातून झाकणाच्या सहा नव्या बरण्या आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. मग म्हणाली, "भरताना मला हाक मारा. मला पण बघायचंय."

आम्ही तिघींनी भरल्या. बाजारातलं पाकीट फोडायच्या आधी चिठ्ठी लिहायची, बरणीला लावायची, मग भरायचं, असं नातीनं ठरवलं. ती इंग्रजीत आणि तेलुगूत लिहिते, मी खाली मराठीत. ज्या दिवशी भरली ती तारीख, भरणारीचं नाव. आणि वरून चिकटपट्टी, म्हणजे पाणी लागलं तरी अक्षर जायचं नाही. नांदेडला फोनवर मी हे सांगितलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी घासायला आले तर आधी विचारीन हो वहिनी." मी म्हटलं, या तर खरं.

फळीवर आता सहा बरण्या आहेत: खाण्याचा सोडा, मीठ, साखर, तुरटी, हळद आणि लिंबूसत.