काढता येणारे खांब

अबू धाबीजवळच्या मुसफ्फातल्या वर्कशॉपची भिंत रंगवताना पांढऱ्या पेंटचा वास आला आणि वीस वर्षांपूर्वीचा तो अमेरिकन आठवला. तेरा जणांच्या रग्बी लीगसाठी त्याला गोलचे पांढरे खांब हवे होते, पण काढता येणारे. हा खेळ ज्यांच्यातून फुटून निघाला, त्या पंधरा जणांच्या रग्बी युनियनवाल्यांनीच सरावाची जागा दिली होती; सराव झाला की ती मोकळी करून द्यायची.

“सिमेंटमध्ये पक्के गाडा, त्यांना बसू दे बोंबलत!” मी भडकलो. माझा थोरला भाऊ, दादा, तेव्हा नुकताच भागीदारी मोडून शेजारच्या गाळ्यात गेला होता.

तो अमेरिकन हसला. “हबीबी, अमेरिकेत परत जाऊन मला हा खेळ वाढवायचाय. खेळणारी पोरं त्यांच्याकडूनच येणार.”

भित्रा आहे, असं मला वाटलं. त्याच आठवड्यात मी दादाच्या आणि माझ्या गाळ्यामधली ही भिंत बांधली.

आज पलीकडून दादा खोकला. पेंटचा वास त्याला कधीच सोसला नाही. मी ब्रश खाली ठेवला.