पहिल्या ट्रेचे ठिपके

“घाई कुनाला हाय? पेशंटला का तुमाला?”

आमच्या प्रयोगशाळेत कुणीही मामांना लवकर आटपायला सांगितलं की हे उत्तर ठरलेलं. घाई पेशंटला असेल, तर मामा जेवणाचा डबा उघडा टाकून उठत. ती आपल्याला असेल, तर आधी चष्मा पुसत, मग काच पुसत, मग आपल्याकडे बघत. असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याचा राग येतो, आणि तो रजेवर गेला की काही सापडत नाही.

मामा कोल्हारहून एसटीने येत. नगरच्या आमच्या पॅथॉलॉजीच्या संशोधन प्रयोगशाळेत त्यांची तीस वर्षं गेली. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे, हे त्यांचं काम. मी सावेडीहून स्कूटरवर पोचेपर्यंत पहिला ट्रे तयार असे. “या म्याडम, काप लई गुनाचा आलाय आज.”

आमचे जुने सर सूक्ष्मदर्शकात बघून म्हणत, “मामा, इथे.” मामा काचेवर नेमका तिथे शाईचा बारीक ठिपका देत. कर्करोग जिथून सुरू झाला, ती जागा. सर वारले, ठिपके राहिले. तोंडाच्या कर्करोगाच्या अशा शेकडो स्लाइड कपाटात होत्या.

मग स्कॅनर आला. अख्खी स्लाइड संगणकाच्या पडद्यावर, हवी तेवढी मोठी करून बघा. मामांना तो आवडला, उगाच खोटं कशाला सांगू? आपल्याच कापावरची सुरकुती पडद्यावर बघून ते हसले. “बगा की, माजीच चोरी पकडतंय हे!”

अडचण एकच होती. यंत्र पेशींऐवजी शाईच्या ठिपक्यावर नजर लावायचं आणि खालचं सगळं धुरकट निघायचं. मी म्हटलं, “मामा, ठिपके स्पिरिटने पुसून टाका.”

“म्याडम, सरांनी दावलेली जागा कुटं लिवलेली हाय का?”

“रजिस्टरमध्ये सगळं असतं, मामा.”

मी रजिस्टर उघडून बघितलं नव्हतं. मामांनी कपाटातल्या पहिल्या ट्रेमधल्या वीसही स्लाइड पुसल्या.

दुसऱ्या ट्रेपासून काम रेंगाळलं. मला वाटलं, निवृत्तीला महिना-दोन महिने उरलेत, मामा चालढकल करतायत. एकदा मी सगळ्यांसमोर बोलले, “मामा, जमत नसेल तर सांगा, दुसऱ्या कुणाला देते.” त्यांनी घाईचं ते नेहमीचं वाक्यसुद्धा म्हटलं नाही. मान खाली घालून पुसत राहिले. मला तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही, याची आज लाज वाटते.

मामा निवृत्त झाले आणि आमचं पुढचं काम ठरलं. सरांनी पकडलेली जागा आणि संगणकाने पकडलेली जागा ताडून पाहायची. मी रजिस्टर काढलं. त्यात निदान होतं, जागा नव्हती. कोल्हारला फोन लावला.

“खालच्या कप्प्यात वही हाय बगा.”

नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी लावून त्यांनी एकेक ठिपका मोजला होता आणि मगच पुसला होता. प्रत्येक स्लाइडच्या नंबरापुढे दोन आकडे होते. लेबलापासून किती मिलिमीटर, वरच्या कडेपासून किती. दुसऱ्या ट्रेपासून शेवटपर्यंत.

“मला सांगितलं का नाही, मामा?”

“तुमी म्हनला रजिस्टरमदी हाय. म्हनलं, आसंल. पन आपलं आसू द्यावं.”

पहिल्या ट्रेसाठी ते मुद्दाम आले. खिडकीशी बसून एकेक काच तिरकी धरून शाईचा पुसट डाग शोधत राहिले. दुपारपर्यंत सहा सापडले. मी म्हटलं, “बाकीच्या अंदाजाने सांगा. तुमच्याच हाताखालून गेल्यात.”

“इचारायला सर न्हाईत आता. त्यांच्या नावावर माजा अंदाज कसा टाकू?” एवढं बोलून ते चहाही न घेता स्टँडकडे निघाले.

मागच्या उन्हाळ्यात मामा गेले. संगणकात सरांच्या जागांभोवती आता हिरवी वर्तुळं आहेत. चौदा स्लाइडवर काही नाही. नवीन विद्यार्थी आले की विचारतात, “मॅडम, ह्यांचं मार्किंग राहिलंय का?”

“राहिलं नाही,” मी सांगते. “मी पुसायला लावलं.”