पोळ्या झाल्या म्हणजे दोन

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. तुकोगंजच्या एका क्लिनिकात पाळीच्या दुखण्यावरच्या नव्या गोळीची ट्रायल होती. सही करण्याआधी मी तासभर डोकं खाल्लं. खरी गोळी कोणाला, नुसती दिसायला गोळी कोणाला? डॉक्टरांनाही माहीत नसतं? मग असतं कोणाला? तिथली कोऑर्डिनेटर मुलगी हसली. "दीदी, कंप्यूटर को पता है." हसण्यासारखंच होतं, पण मला ती ट्रायल हवीच होती. चौदा वर्षं दुखत होतं आणि बाकी सगळी औषधं करून झाली होती.

आधी महिनाभर डायरी भरायची होती. रोज दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा. दहा म्हणजे अगदी असह्य. पण असह्य म्हणजे नेमकं किती? नवऱ्याला एकदा मुतखडा झाला होता, म्हणून त्याला विचारलं.

"माझं? बारा," तो म्हणाला.

त्या दिवशी हा गडी स्वतः स्कूटर चालवत दवाखान्यात गेला होता. वाटेत पेट्रोलही भरलं होतं.

मग मीच माप ठरवलं. उठताच आलं नाही तर दहा. पोळ्या झाल्या म्हणजे दोन. आणि पोळ्या तर रोजच होत होत्या.

महिन्याने त्या मुलीने डायरी चाळली. "दीदी, दोनच्या वर तर गेलंच नाही. ट्रायलमध्ये नहीं बैठेगा."

मला भर क्लिनिकात रडू फुटलं. मग रागही आला. "दुखत नसतं तर मी इथे कशाला तडमडले असते?"

तिने एका तारखेवर बोट ठेवलं. "या दिवशी काय केलं?"

"सोळा पोळ्या. मध्ये दोनदा ओटा धरून खाली बसले. एकदा ओकारी झाली."

तिने तो आकडा पुन्हा बघितला. "आणि लिहिलं दोन?"

नियमात आणखी एक संधी होती. तिने नवी डायरी दिली आणि बजावलं, काम झालं की नाही ते बघायचं नाही, फक्त दुखणं बघायचं. त्या महिन्यात सात आले, आठ आले, एकदा नऊ. लिहिताना उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं. पण मला ट्रायलमध्ये घेतलं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी हात पुसले, डायरी मागून घेतली आणि खुर्चीवर बसून पान न् पान वाचली.

"माझी पाळी यायची तेव्हा माझं किती असेल गं?"

"खाली बसायचात का?"

"आडवी व्हायचे. कोठीत, दार लावून. मग उठून वाढायचे."

इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. मी, जी सगळ्या जगाला प्रश्न विचारते.

"दहा, आई," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. "मलाही तसंच वाटायचं," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची पोळी करपली तरी उठल्या नाहीत.