दहा वेळा टेरिफिक
परवा कपाटातली जुनी डिक्शनरी उघडली आणि पानांत ठेवलेल्या सुकलेल्या कडुलिंबाचा कडवट वास आला. त्याच्यामागून नाशिकची थंडीतली ती सकाळ आली, अंगणातलं कोवळं ऊन, ताटलीतली द्राक्षं आणि माझा कॉलेजचा निबंध वाचत बसलेले, इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले वडील. मी गोदावरीवरच्या सूर्यास्ताला 'टेरिफिक' म्हटलं होतं. त्यांनी ते लाल पेनाने खोडलं. "टेरिफिक म्हणजे भीतिदायक. सूर्यास्ताला कोण घाबरतं?" "अण्णा, आता त्याचा अर्थ झकास असा झालाय." "चार लोक चुकले म्हणून अर्थ बदलत नाही." मी चिडून हीच, तेव्हा नवी असलेली डिक्शनरी त्या शब्दाच्या पानावर उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. अंगणातलं ऊन सरकेपर्यंत ते त्या पानाकडे बघत राहिले, मग आत गेले. दुपारी माझ्या वहीत एक कागद मिळाला. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायची शिक्षा ते वर्गात द्यायचे. तसंच, त्यांच्या वळणदार अक्षरात 'टेरिफिक म्हणजे झकास' दहा वेळा लिहिलं होतं, आणि शेजारी तपासायला त्यांचं लाल पेन ठेवलं होतं. तो कागद अजून याच डिक्शनरीत आहे. बरोबरची खूण करायला माझा हात आजही धजावत नाही.