एकाच नंबरची दोन इंजिनं

अमेरिकेत मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात डार्लीन स्टंबोला लोक दोन गोष्टींसाठी ओळखतात. जुन्या इंजिनाचे सिलिंडर तिच्याइतके काटेकोर कुणी तासत नाही, आणि ती डूख धरते. शाळेत वेणी ओढणारा एक पोरगा चाळीस वर्षांनी आपलं इंजिन घेऊन तिच्याकडे आला, तर ही म्हणते, "दुसरीकडे बघ बाबा, माझ्याकडे फार गर्दी आहे." दुकानात तेव्हा काळं कुत्रंही नव्हतं.

गॅरी रस्कचं प्रकरण मात्र वेणीएवढं नव्हतं.

डार्लीनचा बाप ऑर्विल केंटकीच्या डोंगरातून पोटासाठी मिशिगनला आलेला. कारखान्यात जादा पाळ्या करकरून त्यानं सत्तर साली नवीकोरी चॅलेंजर गाडी घेतली. जांभळी, आणि बॉनेटखाली दांडगं इंजिन. रविवारी चर्चमधल्या पाद्रीबुवांना नुसत्या आवाजावरून कळायचं, की स्टंबो मंडळी आली. आठ वर्षांनी इंजिन आतून खडखडायला लागलं. ऑर्विलनं भंगारातलं साधं इंजिन बसवून गाडी चालू ठेवली, आणि मूळ इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे त्याचं लोखंडी धड, ग्रीस चोपडून गोणपाटात गुंडाळला आणि गॅरेजातल्या बाकाखाली ढकलला. सवड झाली की करू, म्हणाला. ती सवड काही झाली नाही.

अशा जुन्या गाड्यांचे वेडे एकच धर्म पाळतात. कारखान्यानं गाडीच्या अंगावर ठोकलेला नंबर इंजिनावरही असला पाहिजे. जुळला तर गाडी अस्सल, सोन्याच्या भावाची. नाही जुळला तर नुसती म्हातारी गाडी.

ब्याण्णव साली ऑर्विल छातीच्या दुखण्यानं हॉस्पिटलात पडला होता, तेव्हा रस्क घरी आला. अशा गाड्या घ्यायच्या, नव्यासारख्या करायच्या नि विकायच्या, हा त्याचा धंदा. चर्चमध्ये तो यांच्या पुढच्याच बाकावर बसायचा. तो गाडीखाली शिरला, हातातली बॅटरी मारून इंजिन पाहिलं आणि चुकचुकत बाहेर आला.

"ओपल, हे इंजिन हिचं नाहीच गं. सुटे भाग निघतील, बस. ऑर्विलशी बोललोय मी. तोच म्हणाला, घेऊन जा एकदाची, जागा अडवून बसलीय."

ऑर्विलशी तो एक अक्षर बोलला नव्हता. डार्लीनच्या आईनं, ओपलनं, विक्रीच्या कागदावर सही केली. चर्चच्या बाकावरचा माणूस खोटं कशाला बोलेल? मेल्यानं असा केसानं गळा कापला.

अकराव्या दिवशी ऑर्विल घरी आला आणि रिकाम्या गॅरेजसमोर उभा राहिला. बायकोला तो एका शब्दानं बोलला नाही, आणि ते न बोलणंच ओपलला जन्मभर पुरलं. रस्कच्या दारात गेला, तर रस्कनं कागद नाचवला, "सही तुझ्याच बायकोची आहे की!" पुढच्या हिवाळ्यात ऑर्विल वारला.

त्यानंतर ओपलचं एकच मागणं. "डार्लीन, गाडी घरी आण. मी मरायच्या आत ती एकदा गॅरेजात उभी दिसू दे." डार्लीन हो हो म्हणायची, पण तिच्या पोटात वेगळंच शिजत होतं. तिला रस्कला चारचौघांत उघडं पाडायचं होतं. बाकाखालचा ब्लॉक काढून तिनं तो तासला, धुतला. नंबराच्या जागेला मात्र बोटही लावलं नाही.

एकोणीस वर्षांनी रस्कची जाहिरात आली. जांभळी चॅलेंजर, मूळ इंजिन, नंबर जुळणारे, शनिवारी प्रदर्शनात, रविवारी लिलावात. डार्लीन दुकानात एकटीच खदाखदा हसली. मूळ इंजिन तर तिच्या पायाशी होतं! म्हणजे पठ्ठ्यानं त्याच सालचा दुसरा ब्लॉक आणला, त्यावरचा आकडा घासला आणि हवा तो ठोकला. खरा ब्लॉक केव्हाच वितळला असेल, असं धरून चालला बिचारा. डोंगरातली माणसं लोखंड फेकत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शनिवारी ती मैदानावर पोचली ती चाकाच्या स्टँडवर ब्लॉक ढकलत, वर जुनी गोधडी टाकून. रस्क चॅलेंजरच्या टपावर फडकं फिरवत होता.

"अगं डार्लीन! डॅडीची गाडी बघायला आलीस? बघ, पण हात लावू नकोस हं."

डार्लीननं गोधडीचा कोपरा उचलला. "वाच."

त्यानं वाचलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षक दोन गाड्या पलीकडे होते.

"हे बघ," तो कुजबुजला, "गाडी घेऊन जा. आत्ता. फुकट. कागद आतच आहेत, हा बघ सही करतो. फक्त हे धूड इथून हलव." आणि खरंच सही करून त्यानं चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "डॅडीची गाडी, डॅडीचं इंजिन. आणखी काय पाहिजे माणसाला?"

डार्लीनला आई आठवली. गॅरेजच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेली. मूठ मिटायला लागली होती, तेवढ्यात त्या शहाण्याला राहवलं नाही.

"आणि खरं सांगू का, डॅडीला फसवलं ते तुझ्या आईनंच. मी कुठे तिचा हात धरला होता?"

डार्लीननं चाव्या त्याच्या तोंडावर फेकल्या आणि गोधडी ओढून काढली.

म्हातारा परीक्षक लीलंड व्हॉस आरसा आणि बॅटरी घेऊन आधी गाडीखाली वाकला, मग ब्लॉकपाशी. दोनदा ये-जा केली.

"गॅरी, एका गाडीला दोन इंजिनं दिल्याचं काही मी ऐकलेलं नाही." त्यानं ब्लॉकवरून अंगठा फिरवला. "इथे कारखान्याच्या कटरच्या रेघा आहेत. तुझ्या गाडीतल्या ब्लॉकवर कुणीतरी घासून गालासारखं गुळगुळीत केलंय."

पुढचं दृश्य डार्लीन मरेपर्यंत विसरणार नाही. रस्ककडून गाड्या घेतलेली सात-आठ धडधाकट माणसं तिथल्या तिथे गवतावर उताणी पडली आणि बॅटऱ्या घेऊन आपापल्या गाड्यांखाली सरकली. नुसते पाय बाहेर. मग एकेका गाडीखालून शिव्या यायला लागल्या. रस्क मधोमध उभा होता आणि त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. संध्याकाळी पोलिसांनी चॅलेंजर ट्रकवर चढवून नेली.

घरी ओपलनं बीन्स आणि मक्याचा ब्रेड वाढला. गाड्यांखालच्या पायांची गोष्ट ऐकून ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. मग तिनं विचारलं, "आणि गाडी?"

"पोलिसांकडे. खोटा नंबर म्हणजे पुरावा झाला ना. सुटायला वर्षं लागतील."

"म्हणजे मी असेपर्यंत नाहीच." ओपलनं ब्रेडचा तुकडा मोडला. "त्यानं द्यायचं म्हटलं नाही का गं?"

डार्लीनला खोटं बोलता आलं असतं. "म्हटलं. चाव्या हातात दिल्या होत्या."

"मग?"

"तोंडावर फेकल्या."

"असं," ओपल म्हणाली. ती बशीतला चुरा गोळा करायला लागली. "मला आपलं वाटायचं, गाडी दारात आली की माझी सही पुसली जाईल."

"आई, तो तुझं नाव घेऊन—"

"असू दे." ओपलनं तिच्या हातावर हात ठेवला. "त्याचं तोंड कसं झालं होतं, ते परत सांग. सावकाश सांग. मला आता तेवढंच मिळणार आहे."