गाठ निवेपर्यंत

अकोल्याच्या स्टेशनामागे कापसाच्या गाठी बांधणारे एक प्रेस होते. दिवाळीनंतर त्याचा भोंगा सुरू झाला की आमच्या गल्लीत कोणी घड्याळाकडे पाहत नसे. मी तेव्हा कॉलेजात शिकत होतो आणि देवमनभाऊंच्या घरासमोर एका खोलीत राहत होतो. ते त्या प्रेसमध्ये हमाल होते. त्यांच्या पत्नी चतुराबाई तिथेच कापूस निवडायला जात. छप्पन साली दोघांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि तेव्हापासून घरातले देव, अंगारा, देवऋषी सगळे बंद झाले होते. हे आधी सांगायला हवे, कारण पुढची अडचण त्यातूनच वाढली.

कापसात एखादा खडा राहून गेला की यंत्रात ठिणगी पडते. ती विझलीशी वाटते, पण रुईत लपून गाठीत दाबली जाते आणि आतल्या आत धुमसत राहते. अशी संशयाची गाठ गोदामात न ठेवता पटांगणात काढतात. ती निवली की नाही हे ठरवायला त्या प्रेसमध्ये एकच साधन होते, देवमनभाऊंचा तळहात. लोखंडी पट्टीखाली बोटे सरकवून ते थोडे थांबत आणि ‘थंड’ किंवा ‘गरम’ एवढेच बोलत.

एकोणसाठच्या हंगामात एका गाठीला ते ‘थंड’ म्हणाले. गाठ गोदामात गेली. दुपारच्या सुट्टीत त्यांच्या जोडीचा हमाल जानराव, सावली म्हणून, तिथेच गाठींच्या रांगेमागे आडवा झाला. आग मोठी नव्हती. जानराव भाजलाही नाही, धुराने गेला.

देवमनभाऊंना कोणीच बोल लावला नाही. जानरावच्या बायकोनेही नाही. तिने लावला असता तर बरे झाले असते, असे चतुराबाई मला पुढे एकदा म्हणाल्या.

काही दिवसांनी भोंगा वाजला आणि देवमनभाऊ भाकरीवरून उठले. छाती धडधडत होती, बोटे बधिर झाली होती, श्वास आत जात नव्हता. “मी चाललो,” म्हणत ते रस्त्यावर धावत सुटले. मग हे वारंवार होऊ लागले. डॉक्टरांनी छाती तपासली, दोष सापडला नाही, झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन ते चालत्या यंत्राजवळ पेंगू लागले. मुकादम मोतीरामने बजावले, “गोळी खाजो, नाई तं कामावर येजो. दोनी जमनार नाई.” गोळ्या सुटल्या. काम सुटले तर खायचे काय, हा प्रश्न मात्र रोज भोंग्याबरोबर दारात उभा राही.

देवमनभाऊंच्या आई रुख्मिणीबाईंनी आपले निदान केव्हाच करून टाकले होते. “जानराव लागला त्याले. देवऋष्याले बलाव.”

“ते सोडलं आपन, आत्याबाई,” चतुराबाई म्हणाल्या.

“तू सोडलं वं. जानरावनं कुठी सोडलं?”

भोंगा वाजला की देवमनभाऊंना खरोखरच जानरावच्या तंबाखूचा वास येई. तसे त्यांनी मला सांगितले होते, खालच्या आवाजात.

एका रविवारी दुपारी ते तसेच घाबरेघुबरे होऊन ओट्यावरून उठू लागले तेव्हा चतुराबाईंनी त्यांचे मनगट धरले. मी समोरच्या पायरीवर बसलो होतो.

“मले एक सांगा. पेटलेली गाठ तुमी फोडता काय?”

“सोड मले.”

“फोडता काय?”

“नाई. फोडली का भडकते. हवा लागते तिले.”

“पानी टाकता?”

“वरून वली होते. आतलं आतच राह्यते.”

“मंग काय करता?”

त्यांना धाप लागली होती. तसेच ते म्हणाले, “मोकळ्यात ठेवतो. बसून राह्यतो जवळ.”

“मंग बसा.” चतुराबाईंनी आपला तळहात त्यांच्या छातीवर ठेवला. “गरम हाय. लयच जुनी रुई भरेल दिसते.”

घामाने भिजलेल्या त्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी हसू पाहिले. थोड्या वेळाने ते बायकोला म्हणाले, “सरक थोडी.” कोणासाठी, हे चतुराबाईंनी विचारले नाही. त्या सरकल्या. ‘तिथं कोनी नाई’ असेही त्या म्हणाल्या नाहीत. ऊन ओट्यावरून उतरले तेव्हा देवमनभाऊंचा श्वास नीट चालू लागला होता.

तेव्हापासून त्यांचा तोच नेम झाला. भीती आली की पळायचे नाही, तिच्याशी झगडायचेही नाही. ती निवेपर्यंत तिच्याजवळ बसायचे. ते कामावर टिकले. निवली का हे पाहायला मात्र गाठीला हात लावीत नसत.

बासष्टच्या हंगामात पुन्हा ठिणगी पडली. गाठ पटांगणात आली. बाहेर मालगाडी उभी होती आणि मोतीरामला घाई होती. “देवमन, हात लाव.”

देवमनभाऊंनी पट्टीखाली बोटे सरकवली. सगळे थांबले होते. त्यांची छाती उसळू लागली. ऊब गाठीची की आपल्याच हाताची, हे त्यांना कळेना.

“मले सांगता येत नाई,” ते म्हणाले, आणि गाठीला टेकून खाली बसले. “मी बसतो हिच्याजवळ. आज ही जानार नाई.”

“गाठीपाशी बसून राह्यला का मयतापाशी?” मोतीराम म्हणाला. कोणी हसले नाही.

ते बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीत चतुराबाई भाकरी घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसल्या. मालगाडी गेली. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून गाठ उघडली तर आत रुई पांढरीशुभ्र होती. मोतीराम चिडला. “फुकट गेला ना सारा दिवस.”

“हो, गेला,” असे म्हणून देवमनभाऊ दुसऱ्या गाठीकडे वळले. त्यानंतर कोणत्याही गाठीला ते ‘थंड’ म्हणाले नाहीत. तिच्याजवळ बसत, एवढेच.

पुढे मी अमरावतीला शिक्षक झालो. सहासष्टमध्ये त्यांना भेटायला गेलो तेव्हा आम्ही त्याच ओट्यावर बोलत बसलो होतो. भोंगा वाजला. देवमनभाऊंचे वाक्य अर्ध्यावर थांबले.

“आला?” चतुराबाईंनी आतून विचारले.

“हो.” त्यांनी तळहात छातीवर ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, “मास्तर, थोडं सरकता काय?”

मी सरकलो. आमच्या दोघांच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली. चतुराबाई चहा घेऊन आल्या, आणि ती जागा ओलांडून त्यांनी माझ्या हातात कप दिला.